झटक्याआधीची सुई

22 डिसेंबर 2024 रोजी कलबुर्गी येथे जयदेव हृदयरोग संस्थेचे नवे रुग्णालय सुरू झाले. त्याच्या खाटा 371. या मागास भागाला विशेष स्थान देणाऱ्या घटनेतील 371-जे कलमाची ती आठवण. बीदर, भालकी, औराद, आळंद या पट्ट्यातील ज्या मराठी भाषकांना मोठ्या दुखण्यासाठी सोलापूर वा हैदराबाद गाठण्याची सवय, त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या 2021 मधील अकाली निधनानंतर त्यांच्या नावाने कर्नाटक शासनाने ‘हृदयज्योती’ योजनाही काढली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाने तो पाहायचा आणि रक्ताची गुठळी विरघळवणारी महागडी सुई तेथेच विनामूल्य द्यायची, अशी तिची रीत. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने असाच उपक्रम 2018 पासून चालू आहे. तेव्हा आमच्या वाचकांना तिचे मोल सांगावयास नको.

तथापि ही झाली झटका आल्यानंतरची सुई. आता प्रश्न उभा आहे तो झटक्याआधीच्या सुईचा.

सेमाग्लुटाइड हे मुळात मधुमेहाचे औषध. त्याने भूक मंदावते, वजन उतरते. म्हणून लग्नसराईपूर्वी बारीक होऊ पाहणाऱ्यांत त्याचा बोलबाला झाला. तेवढ्यावरून या स्तंभाने त्याची दखल घेतली नसती. वजन उतरवणाऱ्या औषधांचे हृदयाशी तसे जुने वैरच. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून 1997 मध्ये, आणि सिबुट्रामिन झटक्याचा धोका वाढवते म्हणून 2010 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीने मात्र वेगळे दाखवले. हृदयविकार, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच जडलेले, वजन जास्त असलेले, परंतु मधुमेह नसलेले 17,604 रुग्ण 41 देशांतून तीन वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले. हृदयविकाराने मृत्यू, झटका वा पक्षाघात यांपैकी काही ओढवलेले रुग्ण नुसती खोटी सुई घेणाऱ्यांत शंभरी आठ निघाले, औषध घेणाऱ्यांत साडेसहा. किती किलो घटले यावर हा लाभ फारसा अवलंबून नव्हता, असेही पुढे दिसले. मग याला बारीक होण्याचे औषध म्हणणे कितपत योग्य?

शंभरात दीड माणूस हा आकडा किरकोळ वाटेल. ज्याच्या घरात मिळवता एकच आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

अडचण पैशाची. याच जातीचे टर्झेपॅटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत लहान मात्रेची कुपी 3,500 रुपयांना होती आणि आठवड्याला एक कुपी लागे. तुरीवर संसार चालवणाऱ्या कलबुर्गीच्या शेतकऱ्याने महिना चौदा हजार कोठून आणावेत? बरे, हा उपचार चार महिन्यांचा नव्हे. सुई थांबली की उतरलेले वजन बहुतांशी परत चढते. मळमळ, उलट्या असतातच, चरबीबरोबर स्नायूही झडतात. भाकरी-वरणापलीकडे ताटात फारसे काही नसलेल्या माणसाला हे झडणे परवडणारे नाही, म्हणून गावच्या दुकानातून चिठ्ठीवाचून ती विकली जाता कामा नये.

परंतु परिस्थिती पालटते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये, मधुमेह व लठ्ठपणासह हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी, ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च 2026 मध्ये संपून देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आहे. शासनाने सर्वच लठ्ठांना सुया वाटाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. एकदा झटका येऊन गेलेले, वजन जास्त असलेले रुग्ण तेवढे निवडावेत आणि घाऊक खरेदी करून जिल्हा रुग्णालयांतून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्यांना ती द्यावी. हृदयज्योतीमुळे अशा रुग्णांची नोंद कर्नाटक शासनाच्या दप्तरी आहे, आणि बांबोळीच्या उपक्रमामुळे ती गोव्यातही आहे. यादी हाताशी असताना पुढील औषधखरेदीत त्यांच्यासाठी रक्कम धरण्यास दोन्ही सरकारांना कोणती अडचण आहे, हे त्यांनी सांगावे.