फुकट ते पौष्टिक?

मागच्या शनिवारी नगरला (आता अहिल्यानगर!) घरी गेलो होतो. शेवगावचा मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. म्हणाला, "अरे, फुकटातलं एखादं एडिटिंग सॉफ्टवेअर सांग ना."

मी म्हटलं, "दादा, आज फुकट की कायमचं?"

कारण विंडोज मूव्ही मेकरही फुकटच होतं की! जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. दादाने त्यात केलेल्या पहिल्या काही लग्नांच्या प्रोजेक्ट फाईल्स आज नुसत्या पडून आहेत. ॲपलचं आयमूव्हीही फुकट, पण आधी मॅक घ्या! म्हणजे कोंबडी फुकट, खुराडं विकत.

माझं मत स्पष्ट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि ज्याचा सोर्स कोड खुला आहे, तेच घ्यावं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट दोन्ही यात बसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, दादाच्या लॅपटॉपवर ११ चढत नाही. लिनक्स टाका, फार तर क्लिपा कुठे आहेत ते एकदा दाखवा, जुनं काम पुढे चालू! मशीन दमलं तर प्रॉक्सी क्लिपा वापरा.

केडेनलाइव्ह कधीकधी मधेच मान टाकतं, हे मान्य. कंट्रोल-एसची सवय लावा. पण कुणी वरून बटण बंद केलं म्हणून तुमचा धंदा अडत नाही, हे महत्त्वाचं.

असो. दादाला सांगून आलोय, तुळशीच्या लग्नाआधी हात बसवून घे. नंतर नवरी थांबत नसते!