पाणी सुटलेला रंग

दिवाळी जवळ आली कीं आमच्या या किनाऱ्यावर, अलिबागेपासून मुरुडपर्यंत, अंगणोअंगणीं मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. कोणी कुलाब्याचा जलदुर्ग रचतो, तर कोणी परातींत पाणी भरून मध्यें जंजिरा बसवितो. किल्ला सिद्ध झाला म्हणजे त्यावर मांडावयाचीं चित्रें, म्हणजे बोटभर उंचीचे मावळे, गवळणी व तोफा, रंगविण्याचें काम निघतें. अशा वेळीं गतवर्षींची ॲक्रिलिक रंगाची बाटली उघडावी, तों वर दुधट पाणी व तळाशीं घट्ट गाळ! एक विद्यार्थी "रंग बिघडला" म्हणून बाटली गटारांत रिती करतो व वडिलांपाशीं नवीसाठीं पैसे मागतो. दुसरा वरचेंच पाणी कुंचल्यानें लावतो. तिसरा गाळ सैल व्हावा म्हणून बाटलींत आणखी पाणी ओततो.

आमचें मत असें आहे कीं, या तिघांच्या उतावळेपणास त्यांच्याइतकेच आपण शिक्षक व पालक उत्तरदायी आहों. रंग कसा लावावा हें आपण शिकवितों. तो कशाचा झाला आहे हें मात्र सांगत नाहीं.

ॲक्रिलिक रंगांत मुख्य द्रव्यें तीन: रंगाची बारीक पूड, पाणी, आणि पाण्यांत सूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगणारी कृत्रिम राळ. पाणी उडून गेलें म्हणजे राळेचे कण एकमेकांस मिळून पापुद्रा होतो व पूड त्यांत धरली जाते. पांढऱ्या रंगांतील टायटॅनियम डायऑक्साइडची पूड पाण्याच्या सुमारें ४ पट जड असते. ती तळाशीं बसली तर नवल तें काय? वर राहतें तें नुसतें पाणी नव्हे. त्यांत पुडीस धरून ठेवणारी राळ असते. तें ओतून टाकणें किंवा पाणी घालून अति पातळ करणें म्हणजे डिंकावांचून चुना भिंतीस लावण्यासारखें होय. टेकून बसणाराच्या पाठीस तो लागावयाचाच!

उपाय सोपा आहे. बांबूची काडी घेऊन तळापासून, गाळाचा गोळा पूर्ण सुटेपर्यंत, सावकाश ढवळावें. मग बूच घट्ट लावून बाटली एक-दोन मिनिटें हलवावी. आंत एखादा काचेचा मणी टाकल्यास काम लवकर होतें. लोखंडी खिळा टाकूं नये, कारण तो गंजतो. फेस बसल्यावर रंग कागदावर लावून पाहावा. तरीही पातळ वाटल्यास थोडा ताटलींत घेऊन पंख्याखालीं ठेवावा, अथवा दुकानांत मिळणारें ॲक्रिलिक मीडियम थेंबाथेंबानें मिसळावें. रंग घट्ट असल्यास पाणीही थेंबानेंच घालावें. खाडीकांठच्या विहिरीचें मचूळ पाणी टाळावें. क्षारांमुळें राळेचे कण फाटून गाठी होण्याचा संभव असतो. त्याऐवजीं मोटारीच्या बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी चांगलें. चित्रावर एक जाड हात देण्यापेक्षां दोन पातळ हात द्यावे, म्हणजे नाकडोळ्यांच्या रेषा बुजत नाहींत.

रबरासारख्या गाठी झालेला किंवा कुजका वास येणारा रंग मात्र टाकावा, परंतु तो गटारांत ओतूं नये. वाळवून कचऱ्यांत द्यावा. वाळलेली राळ हें एक प्रकारचें प्लास्टिकच आहे, आणि आमचीं गटारें शेवटीं खाडीस मिळतात. याच कारणास्तव विसर्जनाच्या मूर्तीस हा रंग योग्य नव्हे. घरांत जपून ठेवावयाच्या चित्रांस तो शोभतो.

कोणी म्हणेल, नवी बाटली थोडक्या पैशांत मिळते, मग ही उठाठेव कशास? आमच्या वर्गांत अशीं मुलें आहेत कीं ज्यांच्या घरीं तेवढे पैसेही विचार करूनच निघतात. बाटली मागण्यापेक्षां चित्रें न रंगविणेंच तीं पसंत करतात. त्यांच्या दृष्टीनें हें ज्ञान लहान नाहीं. शिवाय आमच्याच जिल्ह्यांत पेण व हमरापूर येथें मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर आहेत. मूर्तीचें सारें रूप त्या एका रेषेवर अवलंबून असतें, आणि ती रेषा रंग ना पातळ ना घट्ट असेल तरच नीट उतरते. ही विद्या शेजारीं नांदत असतां आमच्या मुलांनीं बाटल्या फेकाव्या, हें शाळेस भूषणावह नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, दिवाळीच्या सुटीपूर्वी चित्रकलेचा एक तास केवळ जुन्या बाटल्यांसाठीं राखून ठेवावा. प्रत्येकानें घरांतील पाणी सुटलेला रंग आणावा, ढवळावा, पारखावा, व ज्यास उणें असेल त्यास आपल्यांतील द्यावा. त्या एका तासानें कित्येक किल्ल्यांवरील मावळे रंगाविना राहणार नाहींत, अशी आम्हांस खात्री आहे.