टिप म्हणजे अमानत

झरी जामणी तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून. इथली मुलं नागपूर-हैदराबादच्या हॉटेलांत कामाला जातात. त्यांच्याशी बोललं की एक तक्रार हमखास ऐकू येते: टिप सगळ्यांची एकत्र करतात, पण जमली किती ते कुणी सांगत नाही.

टिप वाटून घ्यायला माझा विरोध नाही. वेटरला मिळालेल्या खुशीत भटारखान्यातल्या माणसाचा आणि भांडी घासणाऱ्याचाही वाटा आहेच. मालकाचा मात्र नाही. पूर्वी नोट वेटरच्या हातात पडायची. आता क्यूआर कोडमधून ती बहुतेक वेळा मालकाच्या खात्यात जाते.

जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकामार्फत गोळा झालेली टिप कामगारांचीच. २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात म्हटलं, मालक ती विश्वस्त म्हणून सांभाळतो. आपल्या बोलीत, अमानत. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपेतून कपात करता येत नाही, वाटपाचा नियमही लेखी ठेवावा लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा हवा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑनलाइन आलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद राहते, त्यामुळे हिशेब देणं अवघड नाही. दोस्तांनो, टिप किती जमली आणि कशी वाटली, हे विचारा. एकट्याने विचारलं तर नोकरीवर येईल. चौघांनी मिळून विचारा. आणि आपल्यातल्या हॉटेलमालकांनी कुणी विचारायची वाट न बघता दर महिन्याचा हिशेब भिंतीवर लावावा.