चिखलावर उतरलेली विमानं

उलव्याच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून विमानं उडू लागली आणि आमच्या नेरुळच्या गच्चीवर वाळवणापेक्षा माणसं जास्त दिसू लागली. या आठवड्यात शेजारच्या काकांनी आकाशाकडे बोट करून जाहीर केलं, “चिखलात विमानतळ! असलं धाडस आधी कुणी केलं नव्हतं.” चहा त्यांचा होता, म्हणून मी गप्प बसलो, तुम्हाला मात्र सांगतो. खाडीपलीकडे जुहूला १९२८ साली विमानतळ झाला तो चिखलाच्या मैदानावरच. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन तिथेच उतरले, एका इंजिनाच्या इवल्याशा ‘पस मॉथ’मधून. अहमदाबादेत विमानाला पेट्रोल आलं तेही बैलगाडीतून, डब्यांत भरून! पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांचं हवाई बिऱ्हाड पुण्याला, येरवड्यात. (आमच्याकडे पाणी तुंबलं की आम्ही फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीवर चिडतो.) पुढे १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून पुन्हा केला. हौस म्हणतात ती ही. तेव्हा नव्या टर्मिनलच्या कमळासारख्या खांबांचं कौतुक आता पुरे. छताला ‘पस मॉथ’ची प्रतिकृती टांगा आणि खाली ती बैलगाडीही ठेवा. शेवटी न राहवून काकांना हे ऐकवलंच. ते म्हणाले, “ठेवा की. पण बैलगाडीला पार्किंगचे किती घेतील?”