स्लो वाढली की बुद्धी घटते? जुन्या गाड्या, नवीन पेट्रोल आणि आपले आरटीओ

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. जळगावात ती अजून चालते. मे महिन्यात त्यांनी जुना सोलेक्स कार्बोरेटर काढून नवीन बसवून घेतला. गाडी घरी आली ती बोंबलतच. पाय उचलला तरी रेस उतरेना. एरवी आठशेच्या आसपास फिरणारं इंजिन मीटर लावल्यावर दोन हजाराला टेकलेलं. शेजारच्या धुळ्याच्या पाहुण्याने एका वाक्यात निदान केलं, "मास्तर, गाडी उभी शे आनि इंजन पयी ऱ्हायनं!"

हसलो आम्ही, पण पुढे जे झालं त्याचं हसू येत नाही. म्हणून ही पोस्ट.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्लोचा स्क्रू मागे घेतला. पूर्ण सुटला, तरी रेस तीच. मग त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे ओढलं. रेस उतरली, मास्तर खूश. दोन दिवसांनी चव्वेचाळीस डिग्रीत पारोळ्याच्या रस्त्याला गाडीने दम टाकला. चढावर ओढ नाही, पाणी उकळलं. उकळणारच! टायमिंग मागे असेल तर जळण उशिरा होतं आणि उष्णता इंजिनाच्या अंगावर बसते. आजार तसाच होता, फक्त त्याचा आवाज बंद केला होता.

मग अजिंठा चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बघितली. त्याने आधी चोकची तार बघितली, पूर्ण परत येते का. आली. अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा सोडून बघितला, कुठे अडकतो का. नाही. मग चालू इंजिनवर कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवला. हवा कोंडली की इंजिन लगेच बंद पडायला हवं. ते पडलं नाही, कुरकुरत चालूच राहिलं. "हवा दुसरीकडून घेतंय भो," एवढंच बोलला. इंजिन गार होऊ दिलं, परत चालू केलं आणि बुडाच्या जोडावर कुपीतून थेंब थेंब ऑइल सोडत गेला. एका कोपऱ्यात आवाज बदलला. सापडलं! (हे पेट्रोल मारून करू नका. एक्झॉस्ट शेजारीच असतो, गाडी पेटेल.)

कारण काय, तर बसवताना दोन नट जीव खाऊन आवळले होते. बुडाची पट्टी वाकली होती. फूटपट्टी लावली तर मधून उजेड दिसत होता. त्यातून जुनंच वाळलेलं पॅकिंग परत घातलेलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड घासून सपाट केलं, नवीन पॅकिंग कापलं, नट आलटून पालटून आवळले, टायमिंग जागेवर आणलं. स्लो परत आठशेला. खर्च किती झाला हे सांगत नाही, पहिल्या गॅरेजवाल्याला लाज वाटेल.

आता मुद्द्यावर येतो. गाडी बिघडलेली असताना, म्हणजे बुडातून हवा ओढत असताना, मास्तरांनी पीयूसी काढली होती. पास! जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि तपासणी स्लोवरच होते. बाहेरची हवा मिसळली की मिश्रण पातळ होतं आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खाली येतो. इंजिनाचे फेरे किती आहेत हे त्या केंद्रावर कुणी बघितलंच नाही. म्हणजे धडधाकट गाडी काठावर पास आणि फुटकी गाडी सहज पास. हा कागद आपण काचेवर चिकटवून फिरतो.

दुसरीकडे सरकार गाडीचं वय मोजतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीला १०,००० रुपये. मोटरसायकलला २,०००. पन्नास वर्षं झाली तर व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, २०२१ च्या नियमाने, २०,००० भरून. मास्तरांची पद्मिनी अधेमधे, म्हणजे २०३२ पर्यंत ती वारसा नाही, नुसती म्हातारी. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून काढा, माझा पाठिंबा आहे. पण मोजायचं तर इंजिन मोजा, जन्मतारीख काय मोजता?

आणि हा हौशी लोकांचा विषय आहे असं समजू नका. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली कार्बोरेटरवरच होत्या. चोपड्याच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या शेतकऱ्याकडे आज जी गाडी आहे ती बघा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबराचा जोड असतो. तो तडकला की हीच बोंब, रेस उतरत नाही. आणि या रबरावर आता इ-२० पेट्रोल चालतंय.

इथेनॉलला माझा विरोध नाही. मका आपल्याच जिल्ह्यात पिकतो आणि इथेनॉलमुळे त्याला एक गिऱ्हाईक वाढलं, हे चांगलंच झालं. पण खरं ते बोला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्याला हवा कमी लागते. इंजेक्शनची गाडी सेन्सरने जुळवून घेते, कार्बोरेटरला ती अक्कल नाही, मिश्रण पातळ पडतं. टाकीतला जुना मळ सुटून स्लो जेटमध्ये अडकतो. मग गाडी बंद पडू नये म्हणून मिस्त्री स्लोचा स्क्रू आवळतो आणि पेट्रोल फुकट जळत राहतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि पॅकिंग २०-३० हजार किलोमीटरला बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ठीक आहे, पर्याय नाही. मग तो बदलायचा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो का, आणि तो इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आहे का, हे कोण बघणार?

जळगाव आणि धुळ्याच्या आरटीओंनी महिन्यातून एक दिवस जुन्या गाड्यांचं शिबिर घ्यावं. चलन फाडायला नाही, तपासायला. पीयूसीवाल्याने आधी फेरे मोजावेत, मग नळी घालावी. आणि आपल्या आयटीआयमध्ये अशा म्हाताऱ्या मिस्त्रींना मानधन देऊन आठवडाभर पोरांसमोर उभं करा. पोरं हल्ली स्कॅनर लावतात, चांगलं आहे. पण कार्बोरेटरला स्कॅनर लावायला जागाच नसते, तिथे तळहातच लागतो. हे मिस्त्री सत्तरीला आलेत.

तुमच्या गाडीची रेस उतरत नसेल तर कुणालाही टायमिंगला हात लावू देऊ नका. आधी चोक, तार, मग बूड. आणि मास्तरांना सोलेक्सच्या बुडाखालची बेकेलाइटची जाड चकती हवी आहे, जुनीला तडा गेलाय. भुसावळ, अमळनेर, धुळे, कुणाच्या गॅरेजच्या फळीवर पडली असेल तर कमेंटमध्ये कळवा.