एकट्याला एंट्री नाही

गेम खेळायचा कशाला, तर ऑफिसनंतर कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. निदान माझं तरी असंच होतं. मग पुण्याहून दादानं ‘इट टेक्स टू’चा फ्रेंड्स पास पाठवला. एकानं गेम विकत घ्यायचा, दुसऱ्यानं फुकट खेळायचं. एकट्यानं खेळायची सोयच नाही!

हा धंदा म्हणायचा की वेडेपणा? पण स्टॉकहोमचा हेझलाइट स्टुडिओ यावरच वाढला. बैरूतमध्ये जन्मलेल्या, स्वीडनमध्ये सिनेमे काढणाऱ्या योसेफ फारेसनं तो २०१४ साली काढला. पैसा ईए या बड्या कंपनीचा, हट्ट मात्र त्याचाच. २०१८मध्ये ‘अ वे आउट’, दोन कैद्यांचा. २०२१चा ‘इट टेक्स टू’ घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याचा. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तोच वर्षातला सर्वोत्तम ठरला. २०२५चा ‘स्प्लिट फिक्शन’ तर पहिल्याच आठवड्यात २० लाख खपला. तोही दोघांचाच.

बाबांच्या फ्लॅटवरून दादाशी वाजल्यापासून आमचं बोलणं ‘हो-नाही’वर आलं होतं. गेममध्ये खिळे त्याच्याकडे, हातोडी माझ्याकडे. त्यानं भिंतीत खिळा मारल्याशिवाय मला लटकता येत नाही. काल तीनदा पडले.

‘‘अगं, थांब ना जरा! आधी मला मारू दे!’’

रात्रीचे दोन वाजले होते. फ्लॅटचा विषय निघाला नाही.