मेडिकल रेकॉर्डचा कोर्स: फी नंतर विचारा, आधी शिक्का कुणाचा ते बघा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या स्टँडवर पॅरामेडिकलचे बॅनर लागतात. ‘१०० टक्के नोकरी’ त्यावर ठरलेलं. आता त्यात नवं नाव वाढलंय, हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट. सोप्या भाषेत, दवाखान्यातल्या कागदपत्रांचं काम. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड नीट ठेवणं, आजाराला ठरलेला कोड लावणं, संगणकात भरणं. जनआरोग्य योजनेतला क्लेम कागद अपुरे म्हणून अडकतो, तेव्हा याच कामाची किंमत कळते.

काम खरं आहे. कोर्स खरा आहे का, हा प्रश्न वेगळा.

केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. त्याच्या यादीत हा व्यवसाय आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा देशभरासाठी एकच अभ्यासक्रमही जाहीर झाला. कायद्यात डिप्लोमालाही किमान दोन वर्षं आणि २००० तास धरलेत. मग सहा महिन्यांत ‘डिप्लोमा’ देणारा नेमकं काय देतोय? कागद मिळेल, पण उद्या नोंदणीच्या वेळी तो चालेल का, हे प्रवेशाआधीच विचारायचं. शिक्का विद्यापीठाचा की कुठल्या ट्रस्टच्या ‘बोर्डा’चा, तेही बघायचं. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या वेबसाईटवर मोबाईलवरच तपासता येतं. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच आहे.

घरबसल्या ऑनलाईन डिग्री म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. या कायद्याखालचे कोर्स दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन चालवायला यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी घातली आहे.

आता पैशाचं. फी कमी म्हणजे कोर्स स्वस्त, हा हिशोब बऱ्याच घरांत चुकतो. समजा पुण्यातल्या कॉलेजची फी वर्षाला ४० हजार आहे. खोली आणि मेस महिन्याला ८ हजार धरली तर दहा महिन्यांचे ८० हजार. झाले १ लाख २० हजार. जिल्ह्याच्या गावी ६० हजार फीचं कॉलेज असेल आणि पोरगं एसटीच्या पासावर रोज घरून जात असेल, तर तेच स्वस्त पडतं. दुभतं जनावर विकून फी भरायची वेळ येते त्या घराला हा फरक लहान नाही. फक्त जवळच्या कॉलेजचा मोठ्या दवाखान्याशी करार हवा. रेकॉर्ड रूममध्ये हात न घालता हे काम येत नाही. मणिपालसारख्या ठिकाणी या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, पण ते कर्नाटकात, राहण्याचा खर्च आलाच.

मुलींसाठी एक गोष्ट कामाची आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ करायचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. मात्र प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. ‘स्कॉलरशिप आम्ही करून देतो’ असं कुणी म्हणालं तर कोर्स कॅपमध्ये आहे का आणि महाडीबीटीवर दिसतो का, एवढं विचारा. एससी, एसटीची शिष्यवृत्ती वेगळी, तिचाही अर्ज महाडीबीटीवरच.

मेडिकल कोडिंगचे क्लास हा आणखी एक फाटा. तिथे मुख्यतः अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचे कोड शिकवतात. नोकऱ्या आहेत, पण बहुतेक कंपन्या बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग अशी पदवी मागतात. नुसत्या बारावीवर क्लासची फी भरली तर पोरगं मुलाखतीच्या दारातच अडतं. पदवीनंतर तोच क्लास उपयोगाचा ठरू शकतो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मागच्या बॅचची दोन-तीन मुलं कुठल्या दवाखान्यात आहेत ते विचारा आणि त्या मुलांशी बोला. पगार किती, हे तीच खरं सांगतील. आणि प्रवेश घेताना मूळ टीसी, मार्कशीट पडताळणी झाली की परत मागून घ्या. ती अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे.